खाऱ्या हवेतला घडीचा चाकू: गोव्यात रोज खिशात काय ठेवावं

गोव्यात घडीचा चाकू धार गेली म्हणून क्वचितच टाकला जातो. बहुतेकदा तो टाकावा लागतो पातं ज्यावर फिरतं ती खीळ धरली म्हणून. पातं वरून लखलखीत असतं, पण उघडताना करकरतं, अर्ध्यावर अडतं आणि उघडणाऱ्याचं नख मोडतं. जून ते सप्टेंबर हवा ओलीचिंब, किनारपट्टीला बारा महिने मिठाचा अंश आणि वर खिशातला घाम. पात्याच्या उघड्या अंगावरून हे सगळं पुसलं जातं. खिळीभोवती, पाठीच्या स्प्रिंगखाली आणि लॉकच्या पट्टीमागे मात्र ते साचून राहतं, कारण तिथे फडकं पोचत नाही. मिठातला क्लोराइड स्टेनलेसवरचा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर जागोजागी फोडतो आणि बारीक खड्डे पडतात. खड्ड्यात पुन्हा ओल धरते. स्टेनलेस म्हणून घेतलेला चाकू दुसऱ्या पावसाळ्यात खिळीपाशी तांबूस का दिसतो, त्याचं उत्तर एवढंच.

त्यामुळे इथे चाकू घेताना ब्रँडच्या आधी एक गोष्ट पाहावी: तो नळाखाली धरला तर पाणी मुठीतून आरपार जातं का, आणि झटकल्यावर बाहेर येतं का? मुठीची पाठ उघडी असलेला, दोन बाजूंच्या पट्ट्यांमध्ये नुसते खांब असलेला चाकू धुता येतो. पाठ पूर्ण बंद असलेल्या मुठीत वाळू आणि खोबऱ्याचा चुरा घट्ट बसतो. महाग चाकूंमध्ये खिळीभोवती बॉल बेअरिंग असतात. पातं त्यांच्यावर झुळकन उघडतं आणि दुकानात फार छान वाटतं. पण कळंगुट किंवा पाळोळेच्या वाळूचे चार कण आत गेले की ती मजा संपते, आणि गोळ्या साध्या पोलादाच्या असतील तर त्या आधी गंजतात. फॉस्फर ब्राँझच्या सपाट चकत्या असलेला चाकू जरा जड उघडतो, पण वर्षानुवर्षं चालतो. किनाऱ्यालगत राहणाऱ्याने चकत्याच घ्याव्यात, हे माझं ठाम मत आहे.

काम कोणतं, हेही आधी ठरवावं. रोजच्या खिशातल्या चाकूला कुरियरची खोकी, सिमेंटच्या पोत्याचा दोरा, सुंभ आणि नायलॉनची दोरी कापायची असते. मानकुराद आंब्याची फोड, काजूचं बोंड, केळीचं पान हेही त्याच्याच वाट्याला येतं, आणि चतुर्थीत माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची आरास) बांधताना केवण झाडाच्या सालीचे दोर. याला ६.५ ते ८.५ सेंटिमीटरचं पातं पुरतं. त्याहून लांब पात्याला ११ सेंटिमीटरपेक्षा मोठी मूठ लागते आणि स्कूटरवर बसलं की ती जांघेत टोचते. वजन १०० ग्रॅमच्या आत असावं, नाहीतर सुती पँटचा खिसा लोंबतो.

लांबीइतकाच पात्याच्या जाडीचा विचार करावा, आणि तो फार कमी लोक करतात. पाठीला २ ते २.५ मिलिमीटर आणि धारेच्या जरा वर अर्धा मिलिमीटर, एवढं पातळ पातं आंब्याची चकती पाडतं. पाठीला साडेतीन-चार मिलिमीटर जाड असलेलं पातं ऑनलाइन फोटोत दणकट दिसतं, पण फळात शिरताना ते पाचरीसारखं फोड फाडतं. पुठ्ठा कापतानाही अर्ध्यावर दाटून बसतं. पात्याचा आकार साधा असू द्या. पोट थोडं गोल आणि टोक पाठीपेक्षा किंचित खाली, हा आकार बहुतेक कामांना चालतो. ज्याला दिवसभर खोकीच फोडायची आहेत त्याने सरळ धारेचं, मेंढीच्या खुरासारखं बोथट नाकाचं पातं घ्यावं. ते आतल्या मालात घुसत नाही.

आता पोलाद. क्रोमियम साडेदहा टक्क्यांच्या वर गेलं की पोलादाला स्टेनलेस म्हणतात, पण निव्वळ टक्का पाहून फसायला होतं. डी२ या पोलादात क्रोमियम बाराच्या आसपास असतं, पण कार्बन दीड टक्क्याच्या जवळपास. तो कार्बन बरंचसं क्रोमियम कार्बाइडमध्ये बांधून टाकतो आणि गंज रोखायला मोकळं फारसं उरत नाही. डी२ची धार खूप टिकते, म्हणून स्वस्त चिनी चाकूंमध्ये ते सर्रास मिळतं. पुण्यात किंवा नाशकात ते उत्तमच आहे. आपल्याकडे मात्र पावसाळ्यात आठवडाभर विसरलं तर त्यावर तांबूस नक्षी उमटते. त्यापेक्षा स्वीडनची १२सी२७ आणि १४सी२८एन ही पोलादं इथे बरी. पहिल्यात कार्बन ०.६ टक्क्यांच्या आसपास आणि क्रोमियम साडेतेरा. दुसऱ्यात क्रोमियम चौदा आणि थोडं नायट्रोजन. नायट्रोजन कडकपणा देतं, पण कार्बनसारखं क्रोमियम खात नाही. कमी पैशांत ८सीआर१३एमओव्ही चालेल, फक्त वापरल्यावर पुसायची सवय हवी.

साधं कार्बन पोलाद धारेला सगळ्यात गोड, यात शंका नाही. पण कैरी, भिरंड (कोकम), काजूचं बोंड कापलं की ते पाहता पाहता काळं पडतं. बोंडातलं आणि सुपारीतलं टॅनिन लोखंडाशी मिळून निळसर काळा रंग होतो आणि फोडीला लोखंडाची चव लागते. कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) काम करणाऱ्याने असा चाकू दोरी आणि फांद्यांसाठी खुशाल ठेवावा. फळांसाठी ठेवू नये.

लांबलचक तुलना वाचायची नसेल आणि एकच चाकू घ्यायचा असेल, तर व्हिक्टोरिनॉक्सचा पायोनियर घ्या, किंवा तो जड वाटला तर कॅडेट. दोन्हीची मूठ नक्षीदार अॅल्युमिनियमची असते, तिला अॅलॉक्स म्हणतात. पायोनियर मिटल्यावर ९३ मिलिमीटर, कॅडेट ८४. लाल प्लास्टिकच्या ओळखीच्या स्विस चाकूपेक्षा या अॅलॉक्स मुठी मला इथे जास्त पटतात, कारण घामेजल्या हातात त्या सटकत नाहीत आणि त्यांच्यात ओल मुरत नाही. पातं कंपनी ५५-५६ रॉकवेलपर्यंतच (हे कडकपणाचं माप) कडक करते. नेटवर याला मऊ म्हणून नावं ठेवतात. खरं तर इतक्या कडकपणाला धार लवकर बसते, काठ तुटत नाही आणि गंज फारच कमी चढतो. आठ-पंधरा दिवसांनी दोन मिनिटं दगडावर फिरवायची तयारी असेल तर तक्रारीला जागा नाही. पायोनियरचं टोच्याचं पातं चामड्याच्या पट्ट्याला भोक पाडायला किंवा गोणपाट शिवताना उपयोगी पडतं. बाटली उघडायच्या पात्याचं सपाट टोक रुंद खाचेच्या स्क्रूला नेमकं बसतं.

उणिवा सांगायलाच हव्यात. याला लॉक नाही. पातं पाठीच्या स्प्रिंगच्या दाबावर उघडं राहतं, म्हणून टोकाने भोसकण्याचं काम यावर करू नये. पातं उलट बोटांवर मिटेल. एका हाताने तो उघडत नाही. जाळं सावरत असताना दुसऱ्या हाताने दोरी कापायची असेल तर हा चाकू कामाचा नाही. शिवाय तो रिव्हेटने जोडलेला असल्यामुळे घरी खोलता येत नाही. समुद्राच्या पाण्यात भिजून तसाच राहिला तर अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी येते. गोड्या पाण्याने धुऊन पुसली की ती थांबते.

लाल मुठीच्या ९१ मिलिमीटर चाकूंपैकी स्पार्टन वाईट नाही. त्यातला चिमटा कुर्लीच्या कवचाची कच बोटातून काढायला लागतो, आणि बुचाचा मळसूत्री स्क्रू आवळून बसलेल्या सुंभाच्या गाठी सोडवायला अप्रतिम आहे. पण व्हिक्टोरिनॉक्सच्या नकला भरपूर फिरतात. पात्याच्या बुडाशी कंपनीचं नाव आणि स्विस मेड ही अक्षरं स्वच्छ कोरलेली असतात. चाकू उजेडासमोर आडवा धरला तर मिटलेल्या थरांमधून वेड्यावाकड्या फटी दिसत नाहीत, आणि मुठीवरचा क्रॉस बसवलेला असतो, छापलेला नसतो. यातलं एक जरी चुकलं तर पैसे देऊ नका.

दुसरा नाव घेण्याजोगा चाकू फ्रान्सच्या साव्वा प्रांतातला ओपिनेल. १८९० पासूनचा हा साधा लाकडी चाकू. आकड्यांनी ओळखली जाणारी मापं १८९७ मध्ये आली आणि पात्याला उघडं धरून ठेवणारं फिरतं कडं १९५५ मध्ये. आठ नंबरचं पातं ८.५ सेंटिमीटर आणि वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास. कापण्याच्या बाबतीत या यादीत त्याला तोड नाही. पातं इतकं पातळ की टोमॅटो, आंबा, पाव, सगळं सुरीसारखं कापतं. कडं फिरवलं की पातं पक्कं बसतं, आणि डावखुऱ्यांनाही ते तितकंच सोयीचं, जे लायनर लॉकबद्दल (मुठीतल्या पट्टीने पातं अडवणाऱ्या लॉकबद्दल) म्हणता येत नाही.

अडचण लाकडाची. मुठीचं लाकूड बीच नावाच्या झाडाचं, ते पावसाळ्यात फुगतं, खाच आवळते आणि पातं बाहेर येत नाही. नख लावून ओढत बसू नका. कडं मोकळ्या बाजूला फिरवा, पातं मिटलेलंच ठेवून मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर हलकेच आपटा, पात्याची पाठ जरा वर उचलते. कायमचा इलाज मे महिन्यात करायचा: चाकू आठवडाभर कोरड्या जागी उघडा ठेवा, खाचेच्या आतल्या भिंती दुमडलेल्या बारीक पॉलिश पेपरने दोन्ही बाजूंनी किंचित घासा, मग खाचेत आणि खिळीपाशी जवसाचं तेल दोन-तीन वेळा मुरवा आणि शेवटी मेण चोळा. एकाच बैठकीत खूप घासलं तर उन्हाळ्यात पातं डुलायला लागतं, म्हणून घासत जा आणि तपासत जा. घेताना स्टेनलेसचाच घ्या. कार्बनचा ओपिनेल जगभर लाडका आहे, पण गोव्याच्या दमट हवेत तो रोज पुसून तेलाचा हात फिरवणाऱ्यालाच परवडतो.

मालिम, कुटबण, शापोरा इथल्या जेटींवर काम करणारे, होडीवर जाणारे आणि खडकांवरून गळ टाकणारे यांची गोष्ट वेगळी. त्यांना एका हाताने उघडणारा, लॉक होणारा, दातेरी धारेचा चाकू लागतो. भिजलेल्या नायलॉनवर साधी धार घसरते, दाते धागा पकडतात. स्पायडर्कोची सॉल्ट मालिका याच कामासाठी आहे. तिच्यातले बरेच जुने चाकू एच१ पोलादाचे होते, ज्यात कार्बन नाममात्र असतं. मिठाच्या पाण्यात ते व्यवहारात गंजतच नाही. साध्या धारेत ते लवकर बोथट होतं, म्हणून या पोलादात दातेरीच घ्यावा. मूठ काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची, हलकी. परदेशी माल म्हणून किंमत जड आहे आणि फक्त आंबे कापणाऱ्याला ती परवडवून घेण्याचं कारण नाही.

लायनर लॉकवाले अनेक चाकू ऑनलाइन मिळतात. यात मुठीच्या आतली एक पातळ पट्टी बाजूला सरकून पात्याच्या बुडाखाली अडकते. हातात आला की परतीची मुदत संपायच्या आत तपासा. पातं उघडल्यावर पट्टी बुडाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून मध्यापर्यंत आलेली असावी. नुसत्या कडेवर टेकली असेल तर दाबाखाली सटकेल. नव्या चाकूतच ती पलीकडच्या भिंतीला भिडली असेल तर झिजायला जागाच उरलेली नाही. पातं धरून डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलवून पाहा. आडवा हलका झोल खिळीचा स्क्रू पाव फेरा आवळून जातो. उभा झोल लॉकमधला दोष असतो, तो चाकू परत करावा. मग बोटं मिटण्याच्या वाटेतून दूर ठेवून पात्याची पाठ लाकडावर हलकेच टेकवून दाबा. लॉक सुटलं तर तोही परत. मिटल्यावर पातं दोन पट्ट्यांच्या मधोमध हवं, एका बाजूला घासलं तर धार रोज बोथट होणार.

स्क्रू बहुधा टी६ आणि टी८ मापाचे टॉर्क्स, म्हणजे सहा टोकांच्या चांदणीसारख्या खाचेचे असतात. साधा पेचकस घालून त्यांची डोकी बिघडवू नका. त्यांना लागणारं टोक मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे असतं. स्क्रू सारखा सैल होत असेल तर निळं थ्रेडलॉकर (स्क्रूचे आटे धरून ठेवणारा गोंद) एक थेंब पुरे, तेही तेल पूर्ण पुसून.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा पणजी मार्केटच्या आसपास स्वस्त, बिननावाचे घडीचे चाकू दिसतात. सगळेच टाकाऊ नसतात, पण सोबत एक लोहचुंबक न्या. पात्याला तो चिकटला नाही तर पोलाद भांड्यांचं आहे. त्या पोलादाला पाणी देता येत नाही, म्हणजे तापवून-थंड करून ते कडक होत नाही, त्यामुळे धार कधीच टिकणार नाही. चिकटला म्हणजे चांगलंच, असंही नाही, पण पुढे बघण्यात अर्थ आहे. धार डोळ्यासमोर धरून उजेडात पाहा. जिथे काठावर चमकणारी रेघ दिसते तिथे तो बोथट आहे. चमक अखंड असेल तर धार काढता येईल, तुटक तुटक असेल तर काठाचे तुकडे पडलेले आहेत. वर्तमानपत्राचा कागद वरून खाली कापून बघितला की बाकीचं कळतं.

खटक्याचा चाकू, म्हणजे बटण दाबलं की पातं आपोआप बाहेर येणारा, घेऊ नका. कामाला तो साध्याहून वाईट: स्प्रिंग गंजते, खटका झिजतो, खिशात उघडण्याची भीती. शिवाय पोलिसांच्या नजरेत तो हत्यारच असतो. शस्त्र नियम २०१६ च्या पाचव्या वर्गात ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात, घरगुती, शेती, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामाचे सोडून. आपला ८ सेंटिमीटरचा चाकू या मापाच्या खूप खाली आहे. पण दिल्लीत बटणाच्या, गरारीच्या (दातेरी खटक्याच्या) आणि यंत्रणेने उघडणाऱ्या ७.६२ सेंटिमीटर किंवा त्याहून लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा त्याहून रुंद पात्यांच्या चाकूंवर वेगळी अधिसूचना आहे, तिकडे जाताना ध्यानात ठेवा. निवडणुकीच्या किंवा तणावाच्या दिवसांत जिल्हाधिकारी शस्त्रं बाळगण्यावर बंदीचा आदेश काढतात, तेव्हा चाकू घरीच बरा. विमानतळ दाबोळीचा असो की मोपाचा, हातातल्या बॅगेतून चाकू नेता येत नाही, तो चेक-इन बॅगेत टाकावा. किल्ल्यांच्या जुडग्यातला लहान चाकूही सुरक्षा तपासणीत काढून घेतात, आणि तो परत मिळत नाही.

घडीचे चाकू मोडतात ते ठरावीक कामांनी. करवंटीतून खोबरं उचकटताना पात्याच्या टोकावर आडवा जोर येतो. टोक पातळ आणि कडक, ते वाकत नाही, तुटतं. तिसऱ्या आणि कालवं उघडताना पातं पिळलं जातं, खीळ ढिली होते आणि शिंपल्यातलं खारं पाणी थेट आत शिरतं. या कामांना वेगळी, आखूड, घडी न होणारी सुरी ठेवा. शहाळ्याला कोयताच हवा. फणस कापायचाच असेल तर पात्याला आणि खिळीपाशी आधी खोबरेल चोळा, नाहीतर चीक खाचेत सुकतो आणि चाकू उघडत नाही. सुकलेला चीकही खोबरेलानेच सुटतो. पण हेच तेल खिळीत ठेवून द्यायचं नाही, ते हळूहळू खवट आणि चिकट होतं. खिळीला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. ज्याने फळं कापायची त्या पात्यावर औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन पुसा.

धुणं सोपं आहे, फक्त वेळेवर हवं. समुद्रावरून आलात, मासळी किंवा कैरी कापली, की त्याच संध्याकाळी कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश. खाचेत ब्रश फिरवा, चाकू पाण्याखाली चार-पाच वेळा उघडा-मिटा, झटका, पुसा आणि रात्रभर पंख्याखाली उघडा ठेवा. ओला चाकू मिटून ठेवणं हीच मोठी चूक. चामड्याची पिशवी पावसाळ्यात ओल धरते, बुरशी येते आणि पात्यावर तिच्या आकाराचा गंज उठतो. चार महिने चाकू पिशवीबाहेर, सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या डब्यात ठेवावा. तांबूस ठिपके दिसलेच तर खाण्याच्या सोड्याची घट्ट पेस्ट लावून बुचाच्या तुकड्याने घासा. लोखंडी काथ्या वापरू नका, तिचे कण पात्यात रुतून नवा गंज धरतात.

धारेसाठी दोन बाजूंचा दगड पुरतो, एक बाजू ४०० ग्रिटच्या (आकडा मोठा तितके कण बारीक) आसपास, दुसरी १०००. पात्याचा दगडाशी कोन २० अंश धरावा. पात्याची पाठ दगडापासून रुंदीच्या साधारण एक तृतीयांश उंचीवर राहिली की तो कोन जवळजवळ बरोबर येतो. २ सेंटिमीटर रुंद पात्याला ती उंची ७ मिलिमीटर. एका बाजूने सारख्या दाबाने ओढत राहा, जोवर दुसऱ्या बाजूला बुडापासून टोकापर्यंत नखाला बारीक कड अडत नाही. कारखान्यात तिला बर म्हणतात. बर येण्याआधी बाजू बदलली तर दोन्ही बाजू मधोमध भेटतच नाहीत, आणि तासभर घासूनही चाकू बोथटच राहतो. दोन्ही बाजूंनी बर आली की १००० च्या दगडावर हलक्या हाताने एक बाजू, मग दुसरी, असं आलटून-पालटून ती काढायची, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर उलट दिशेने, म्हणजे पाठ पुढे आणि धार मागे ठेवून, दहा-पंधरा फेरे. दगड नसेल तर चिनी मातीच्या मगाच्या बुडाचं खरखरीत कडं तात्पुरतं चालतं. सायकलच्या चाकावर धार लावणाऱ्याकडे चाकू द्यायचा असेल तर समोर उभे राहा आणि पातं दर काही क्षणांनी पाण्यात बुडवायला सांगा. काठ निळा पडला तर तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. मग तो भाग पूर्ण घासून काढेपर्यंत तिथे धार टिकणार नाही.